दिवसा झोपलेली माणसं

आमच्या घरात रोज दिवसा एक माणूस झोपलेला असायचा. तो माझा बा. नांदेडला कापसाच्या एका जिनिंगवर तो रात्रपाळीचा रखवालदार होता. सकाळी आम्ही चहात भाकर बुडवून खात असू तेव्हा तो सायकल भिंतीला टेकवून आत यायचा, हातपाय धुवायचा, कोर अर्धी भाकर खायचा आणि बाजेवर आडवा व्हायचा. घर एका खोलीचं. त्यामुळं पुढं दिवसभर त्या खोलीत जे काही चालायचं ते दबक्या आवाजात. माय भांडं ठेवायची तेसुद्धा खाली फडकं घालून. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही आवाज न करता भांडायला शिकलो होतो. चिमटे काढायचो, केस ओढायचो, पण तोंडातून हूं नाही.

गल्लीला मात्र बा फक्त झोपलेलाच दिसायचा. रात्रभर काठी आपटत तो कापसाच्या गठाणींभोवती फिरतो, ते बघायला कोण जागं असणार? दुपारी दाराशी कुणी आलं की आत डोकावून म्हणायचं, "निजले का? निजू द्या, निजू द्या. नशीब लागतं." शाळेत एकदा मास्तरांनी वडील काय करतात असं एकेकाला विचारलं. माझी पाळी आली तर मी तोंड उघडायच्या आत मागून एक पोरगा म्हणाला, "झोपतात." सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. वाईट हेतूनं हसले असं मला आज वाटत नाही, पण दिवसा आडवं होणं ही लाज वाटण्याची गोष्ट आहे, हे त्या दिवशी माझ्या मनात पक्कं झालं.

पुढं दुष्काळ पडला. मोठा दुष्काळ, ज्याला मराठवाड्यात आजही नुसतं बहात्तरचा म्हणतात. जिनिंगवर कापूसच येईना. बाची नोकरी राहिली, पण अर्धीमुर्धी. मग माय गावाबाहेर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. शाळेला सुट्टी असली की भावाला कडेवर घेऊन मीही तिच्यासोबत जायची. तिथं खायला सुकडी मिळायची, आणि बाची झोप मोडायला घरी कुणी राहायला नको, हेही होतं.

खडीच्या ढिगाऱ्यांपाशी बायांची लांबलचक रांग असायची. झाड नाही, सावली नाही. मुकादम छत्री धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा. तो काही राक्षस नव्हता, पण एखादी बाई गुडघ्यांत मान घालून बसलेली दिसली की म्हणायचा, "बाई, बसायचं असंल तर घरी जाऊन बस." तेवढं एक वाक्य बास व्हायचं. बाई झटक्यात उठायची. माय मला म्हणाली होती, "दम लागला तर बसावं. पण हातोडी हातातच ठेवावी. हात रिकामा दिसू द्यायचा न्हाई." ती बसायची तेव्हा हातोडीनं एकाच दगडावर हळूहळू ठोकत राहायची. दगड फुटावा म्हणून नाही, आवाज चालू राहावा म्हणून.

त्यात आम्ही बौद्ध. आज्यानं धम्म घेतला तेव्हापासून घरात एकच गोष्ट ऐकत आलो होतो, शिकायचं. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, त्यांच्याखाली बसून मी अभ्यास करायची. पुस्तकावर डुलकी आली की माय पाण्याचा हात डोळ्यांवरून फिरवायची. रागवायची नाही, नुसतं म्हणायची, "लोक आपल्याला नावं ठेवायला टपूनच हायत. आपण त्यांना सवड द्यायची न्हाई." मी सवड दिली नाही. दहावी झाले, टायपिंगच्या क्लासला गेले, मराठीची परीक्षा पास झाले, इंग्रजीची झाले. बोटं दुखली की गरम पाण्यात बुडवून पुन्हा बसायची.

नोकरी लागली ती लातूरला. लातूर नुकतंच उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. नवा जिल्हा म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. पाट्या नव्या रंगवलेल्या, पण कचेऱ्या कुठं भाड्याच्या घरात, कुठं कुणाच्या उसन्या खोल्यांत. जुन्या जिल्ह्यातून ट्रक भरभरून कागदांचे बस्ते यायचे आणि व्हरांड्यात उतरायचे. बसायला खुर्ची नाही म्हणून लोक त्याच बस्त्यांवर बसून जेवायचे. माणसं कमी आणि काम तर कालपासूनचं तुंबलेलं. मी टंकलेखक म्हणून ज्या शाखेत रुजू झाले ती पाणीटंचाईची कामं बघायची. उन्हाळा लागला की कोणत्या गावाला टँकर, कुठली विहीर ताब्यात घ्यायची, कुठल्या बोअरला परवानगी, असले सगळे आदेश माझ्या मशीनवरून जायचे. गावांची नावं टाइप करता करता मला वाटायचं, माझ्या एका चुकीनं टँकर भलत्याच गावाला जाईल आणि तिथं माझ्या मायसारखी कुणी घागर घेऊन उभी राहील. त्यामुळं मी प्रत्येक कागद दोनदा वाचायची.

आमचे अव्वल कारकून तसे सज्जन होते. डोक्यावर टोपी, तोंडात सुपारी, आवाज कधी चढलेला नाही. संध्याकाळी सगळे उठायच्या बेतात असले की ते माझ्या टेबलाजवळ एक मसुदा घेऊन यायचे आणि म्हणायचे, "बाई, एवढं एक." त्यांनी कधी जबरदस्ती केली नाही. मीच कधी नाही म्हटलं नाही. त्याला कारण होतं. रुजू झाले त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ दुसऱ्याशी बोलताना मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले होते, "सरकारचे जावई आले, आता कामाचं बघायलाच नको." मी मान वर केली नाही. पण त्या दिवसापासून मी जेवणाची सुट्टी सोडली. डबा मशीनशेजारी उघडायचा, एका हातानं घास, दुसऱ्या हातानं कागद सारखा करायचा. ते गृहस्थ पुढं महिनाभरात बदलून गेलेसुद्धा. मी मात्र त्यांना कामानं उत्तर देत राहिले, दोन वर्षं, तीन वर्षं. ऐकायला ते तिथं नव्हतेच.

रविवारी मला घर खायला उठायचं. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. रविवारी धुणं, सारवण, डबे घासणं, सगळं दुपारपर्यंत आटपायचं आणि मग काय करावं कळायचं नाही. जरा पाठ टेकली की छातीत धडधडायला लागायचं, कुणीतरी दारात येऊन उभं राहणार आहे असं वाटायचं. मग मी उठून धुतलेले डबे पुन्हा घासायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात मला अन्न नकोसं झालं. वासानंच मळमळायचं. मशीनवरची अक्षरं तरंगल्यासारखी दिसायची. घरमालकीणबाईंनी एका सकाळी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, डोळे हळदीसारखे झालेत, कावीळ आहे ही." सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं. गोळ्या थोड्याच दिल्या. म्हणाल्या, "खरं औषध एकच, आराम. महिना-दीड महिना अंथरुणातून उठायचं नाही." मी विचारलं, "अर्धा दिवस कामावर गेलं तर चालेल का?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "घरी कोण आहे?" मी नांदेडचं सांगितलं. "मग आजच जा," त्या म्हणाल्या.

रजेचा अर्ज द्यायला गेले तेव्हा मी अव्वल कारकुनांची माफी मागितली. कावीळ झाल्याची माफी. ते गडबडले, म्हणाले, "असू द्या, असू द्या." तेवढ्यात कुणीतरी मसुदा घेऊन आलं आणि ते तिकडं वळले. अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचेपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून एकच हिशोब करत होते, माझ्या टेबलावर आता किती कागद साचले असतील.

घर तेच होतं. भाऊ तोवर परभणीला शिकायला गेला होता. माय मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला जायची, सकाळी निघायची ती दुपारी जेवणं उरकून यायची, संध्याकाळी पुन्हा जायची. बा अजून रात्रपाळीच करत होता. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. मायनं त्याच्या बाजेशेजारी खाली माझं अंथरूण घातलं. म्हणजे दिवसभर त्या खोलीत आता दोन माणसं झोपलेली, बाप बाजेवर आणि लेक खाली.

पहिले आठ-दहा दिवस ताप होता, तेव्हा काही वाटायचं भान नव्हतं. भान आलं आणि त्रास सुरू झाला. माय पदर खोचून वसतिगृहाला निघाली की मला अंथरूण टोचायला लागायचं. ती पन्नाशीला आलेली, गुडघे धरलेले, आणि मी पंचविशीतली, गोधडीवर पसरलेली. मी म्हणायची, "माय, भाकरी तरी मी थापते." ती म्हणायची, "पडून राहा. डाक्तरनं सांगितलंय." पण तिचंही मन खाली-वर व्हायचं, ते मला कळायचं. कुणी भेटायला येताना दिसलं की ती लगबगीनं तांदूळ घातलेलं सूप माझ्या मांडीवर आणून ठेवायची. "निवडत बस," हळूच म्हणायची. मी उशीला टेकून खडे बघितल्यासारखं करायची. पाहुणे म्हणायचे, "आजारात बी पोरगी बसून न्हाई हो." मायचा चेहरा जरा सैल व्हायचा. पाहुणे गेले की ती सूप उचलून फळीवर ठेवायची. ते तेच तांदूळ. कितीदा तरी निवडलेले.

शेजारी शिंप्याचं घर होतं. त्याची बायको, आमची चाची, लहानपणापासून आम्हाला घरातलीच. ती माझ्यासाठी उसाचा रस आणायची. एकदा ती आली तेव्हा माझ्या मांडीवर सूप होतं. तिनं ते सरळ काढून घेतलं आणि मायला म्हणाली, "बाई, इसकू सोने देव. काम कां भाग के जारा?" माय कसंनुसं हसली. चाची स्वतः दुपारी जेवण झालं की दाराला कडी लावून झोपायची, आणि ते कुणाला कळलं तरी तिला काही वाटायचं नाही. मला ते कायम नवल वाटत आलेलं.

मग मी एक युक्ती काढली. आराम हेच औषध आहे ना, मग तो मन लावून करायचा. घड्याळ उशाशी घेतलं. सकाळी इतका वेळ, दुपारी इतका वेळ. डोळे घट्ट मिटून, हात सरळ ठेवून पडायचं. झोप आली नाही तर मनात स्वतःला दोष द्यायचा की एवढं सोपं कामही जमेना. संध्याकाळी माय आली की मी तिला सांगायची, आज मी इतका वेळ झोपले. शाळेतली प्रगती सांगावी तसं.

एका दुपारी मी अशीच घड्याळ बघत पडले होते. बा जागा झाला होता, मला कळलं नव्हतं. बाजेवरून त्याचा आवाज आला.

"सारखी घड्याळात काय बघून राहिली?"

मी म्हटलं, "काही न्हाई. अजून पाऊण तास झोपायचंय."

तो कुशीवर वळला. म्हणाला, "निजायला बी हजेरी लावून राहिली का तू?"

मला रडूच आलं. मी म्हटलं, "मग काय करू बा? नुसतं पडवत न्हाई. मला लाज वाटते."

त्यानं लगेच समजूत घातली नाही. तांब्यातलं पाणी प्याला. मग सांगायला लागला. एरवी फार बोलणारा माणूस नव्हता तो. रात्रपाळी लागली तेव्हाची गोष्ट त्यानं सांगितली. सुरुवातीची काही वर्षं तो दिवसा झोपतच नव्हता. लोक काय म्हणतात ते त्याला ऐकू यायचं. म्हणून घरी आला की थोडं पडल्यासारखं करायचा, मग उठून कुणाच्या भिंतीला माती लाव, कुणाचं लाकूड फोडून दे, असं करत फिरायचा. लोकांनी बघावं म्हणून. एका सकाळी घरी येताना सायकलवरच त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तो रस्त्याकडेच्या नालीत पडलेला होता आणि एक ट्रक त्याच्या चपलेवरून गेला होता. चप्पल सायकलीपासून हातभर लांब होती.

"तवापासून झोपाया लागलो," तो म्हणाला. "लाज गेली न्हाई. लाज तशीच राहिली. पण मी तिला म्हटलं, तू बस इथंच बाजूला, मला झोपू दे."

मी म्हटलं, "झोप बी कामच म्हणायचं मग."

"न्हाई," तो म्हणाला. "झोप काम न्हाई. समद्यालाच काम म्हणलं तर माणसानं थांबायचं कुठं?"

एवढं बोलून त्यानं डोळ्यांवर ओलं फडकं घेतलं आणि झोपला. मी घड्याळ उलटं करून ठेवलं. त्यामुळं लगेच झोप आली असं काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी पत्र्यावर फिरणाऱ्या चिमण्यांचे आवाज ऐकत पडायला लागले, आणि कधीतरी डोळा लागायचा.

ही गोष्ट मी मायला कौतुकानं सांगितली. चूल पेटवता पेटवता ती ऐकत होती. मला वाटलं, तिलाही बरं वाटेल. ती फुंकणी खाली ठेवून माझ्याकडं वळली.

"त्यांचं खरं हाय," ती म्हणाली. "त्ये झोपले. मी झोपवलं म्हणून झोपले. पोरं गप केली म्या, भांडी वाजू दिली न्हाईत, दारावरची माणसं परतवली. उन्हात खडी फोडाया गेले तर तुम्हाला सोबत घेऊन गेले. मला कुणी निजवलं सांग."

आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता. बा बाजेवर बसून बिडी पेटवत होता, ती काडी त्याच्या हातात तशीच जळत राहिली. माय पुन्हा चुलीकडं वळली आणि धुरानं खोकायला लागली.

मला इतक्या वर्षांत हे दिसलंच नव्हतं. बाच्या झोपेची मला लाज वाटली होती, पुढं तिची कणव आली होती, पण त्या झोपेला चहूबाजूंनी धरून उभी असलेली बाई माझ्या नजरेतून सुटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय वसतिगृहातून आली. घामेजलेली, पिशवी खुंटीला अडकवून ती नेहमीसारखी ज्वारी निवडायला बसणार, तर बा उठलेला. रात्रपाळी करून आलेला माणूस, जेमतेम दोन-तीन तास झोपला असेल. त्यानं बाजेवरची गोधडी झटकली आणि मायला म्हणाला, "पड थोडी."

"मला काय धाड भरलीय?" माय म्हणाली.

"पड म्हणतो ना. मी बसतो दारात."

ती नको नको म्हणत राहिली. लोक काय म्हणतील, ज्वारी दळायला टाकायची आहे, संध्याकाळचा स्वयंपाक. बा ऐकून घेत उभा राहिला. शेवटी ती बाजेच्या कडेवर टेकली, एक पाय जमिनीवर ठेवून, कधीही उठता येईल अशी. मग दुसरा पायही वर घेतला. तोंडावर पदर ओढला. मी खाली अंथरुणात होते, मला तिचे तळवे दिसत होते, भेगा पडलेले. थोड्या वेळानं ती घोरायला लागली. माझ्या मायला घोरताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बा उंबऱ्यात पाठ टेकून बसला. रात्री जिनिंगवर बसत असेल तसाच, काठीही त्यानं शेजारी ठेवली होती. बोहारीण ओरडत गल्लीत आली तर त्यानं लांबूनच हात करून तिला पुढं घालवलं. चाची कसलीतरी वाटी घेऊन आली तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. तिनं आत डोकावून बघितलं, बाजेवर कोण आहे ते ओळखलं, आणि एक शब्द न बोलता वाटी उंबऱ्यावर ठेवून गेली. गल्लीतला एक म्हातारा थांबून म्हणाला, "आज राखणीला दिवसा?" बा म्हणाला, "हाव. दिवसाची ड्युटी लागली." त्याचे डोळे लाल झाले होते, मान मधूनच छातीवर पडायची, पुन्हा वर यायची.

उन्हं कलल्यावर माय दचकून उठली. अंधार पडला की काय असं तिला वाटलं. आम्हा दोघांवर ती चिडली, का उठवलं नाही म्हणून. तोंडावर पाणी मारलं आणि पळतच वसतिगृहाला गेली. तिला उशीर झाला होता, तिथं बोलणी बसली असतील, तिनं कधी सांगितलं नाही. पण दोन दिवसांनी बानं पुन्हा गोधडी झटकली तेव्हा ती थोडी कमी भांडली. माझी रजा संपेपर्यंत हे असं अधूनमधून चाललं. रोज नाही. रोज झालं असतं तर बरं झालं असतं, पण नाही झालं. बालाही झोप हवी होती आणि मायला संसार होता.

मी लातूरला परत गेले तेव्हा माझ्या टेबलावर एकही कागद साचलेला नव्हता. जुन्या जिल्ह्यातून बदलून आलेला एक टंकलेखक माझ्या खुर्चीवर बसून काम करत होता, आणि बरं करत होता. टँकर ज्या त्या गावाला गेले होते. मला हायसं वाटायला हवं होतं. आधी अपमान वाटला. मग एवढा थकवा आला की मी व्हरांड्यातल्या एका बस्त्यावर जाऊन बसले. तीन वर्षं जे ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे असं मी समजत होते ते कुणी मला दिलेलंच नव्हतं.

मला दुसरं टेबल मिळालं. आठवडाभरातच संध्याकाळी अव्वल कारकून मसुदा घेऊन आले. "बाई, एवढं एक." मी मशीनवर झाकण घालत होते. मी म्हटलं, "साहेब, आज नाही होणार. उद्या सकाळी आल्या आल्या करते."

ते म्हणाले, "बरं." मसुदा पेपरवेटखाली ठेवला आणि गेले. एवढंच. मला त्या सोपेपणाचा राग आला. इतकं सोपं होतं तर कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

त्या दिवशी उजेड असताना मी कचेरीबाहेर पडले. गंजगोलाईच्या बाजारात भाजीवाल्या पाणी शिंपडून मेथीच्या जुड्या लावत होत्या, पोरं आइसफ्रूटच्या गाडीभोवती जमली होती. या गावात संध्याकाळ अशी असते हे मला माहीतच नव्हतं. मला तिचं काय करावं तेही कळेना. मी नुसती एक चक्कर मारली आणि खोलीवर येऊन पडले. धडधड झालीच. तो मसुदा डोळ्यांपुढं येत राहिला. पण मी उठून गेले नाही.

पुढं नोकरी पुष्कळ झाली. लग्न, मुलं, बदल्या, सगळं त्यात आलं. मी कामचुकार झाले नाही आणि निवांतही झाले नाही. कधी नाही म्हणता यायचं, कधी यायचं नाही. बढतीच्या वेळी अंगात ताप असताना कामावर गेलेलीही मीच. शहाणपण एकदा आलं की कायमचं राहतं असं पुस्तकात असेल, माझ्या बाबतीत ते पुन्हा पुन्हा गेलं.

बा निवृत्त झाला आणि त्याची झोपच गेली. रात्री जागायची सवय मोडेना, आणि आता दिवसा झोपायला कारण उरलं नव्हतं. मी नांदेडला गेले की तो घराबाहेर बाज टाकून बसलेला असायचा, डोळे उघडे आणि रिकामे. मायनं वसतिगृहाचं काम सोडलं नव्हतं. बा आता तिच्यासाठी संध्याकाळी पाणी तापवून ठेवायचा, ती आली की पाय बुडवायला घमेलं पुढं करायचा. ती म्हणायची, उशिरा का होईना सुचलं.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरहून एसटीच्या गर्दीत उभ्यानं नांदेडला आले. दोन्ही मुलं, पिशव्या, अंगावर रात्रीचं जागरण. रिक्षातून उतरले तर बा पुढं आला. बाकी सगळे भेटले की विचारायचे, कामाचं कसं काय, साहेब झालीस का, मुलांचे नंबर कितवे आले. त्यानं धाकट्याला माझ्या कडेवरून उचललं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "दमलीस का?"

मी म्हणणार होते, न्हाई, कसलं दमायचं. सवयीनं तेच तोंडाशी आलं होतं.

"हाव," मी म्हटलं. "लई दमले, बा."

त्यानं मान हलवली. मुलांना घेऊन तो चाचीच्या अंगणाकडं निघाला आणि जाता जाता मायला म्हणाला, तिला कुणी हाक मारू नका.